पानमळ्यातली मोहरी

मोहरीशी माझी ओळख फोडणीपुरतीच होती. तेल तापले की चिमूटभर दाणे सोडायचे, त्यांची तडतड ऐकायची आणि झाकण ठेवायचे. एवढ्या संसारात या काळ्या दाण्याला पाने असतात, मुळे असतात आणि त्या मुळांना जमिनीखाली काही कामधंदा असतो, हे माझ्या मनातही आले नव्हते. तो कामधंदा पाहण्यासाठी मी गेल्या नाताळच्या सुट्टीत पुण्याहून निघून अकोला जिल्ह्यातल्या वाशीम तालुक्यात जाऊन आले. "तिथे पाहण्यासारखे काय आहे?" असे मैत्रिणींनी जाताना विचारले होते. आल्यावर मी हे लिहायला बसले आहे, यातच थोडे उत्तर आले.

मला तिकडे नेले ते माझ्या धाकट्या नणंदेने. सुमती महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. आदल्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन ती त्या भागात झाडपाला गोळा करत हिंडत होती, तेव्हा शिरपूर जैन या गावी शेवंताबाई नावाच्या शेतकरीण बाईने तिला रस्त्यात अडवले आणि विचारले, "तुमी झाडायच्या डाक्टरीन ना? मंग माह्या वावराले काय झालं, सांगा." वावर म्हणजे शेत. या वावरात काही धड उगवत नव्हते. बी रुजायचे, पण रोप वितीएवढे झाले की पिवळे पडायचे, आणि उपटून पाहिले तर मुळे आखूड, तपकिरी, चटका बसल्यासारखी.

सुमतीने चौकशी केली. ते शेत म्हणजे पूर्वीचा पानमळा. विड्याच्या पानांचा वेल मोठा नाजूक. त्याला मर रोग लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून त्याच्या मुळाशी ओततात. वर्षानुवर्षे ओततात. मोरचूद हा तांब्याचा क्षार. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, वेल वाळून गेले, मळा मोडीत निघाला. पण तांबे कुठे जाणार? ते कुजत नाही, वाळत नाही, पावसाने वाहून जात नाही. चिमूटभर तांबे मुळांना हवे असते, ओंजळभर झाले की तेच मुळांना जाळते.

"आणि यावर उपाय?" मी विचारले होते.

"झाडंच," सुमती म्हणाली. "काही झाडं धातू पितात, वहिनी. मुळांनी ओढून पानांत साठवतात. लांबच्या एका बेटावर असं झाड आहे की खोडाला चीर दिली तर निळसर हिरवा चीक येतो, इतकं त्यात निकेल. आपल्याकडे तसं झाड मला माहीत नाही, पण मोहरी थोडंफार तांबं ओढत असावी असा माझा कयास आहे. मोहरी पेरायची, वाढली की शेतातून बाहेर न्यायची. दर पिकाबरोबर थोडं थोडं तांबं बाहेर."

माती धुवायची, पण पाण्याने नव्हे, झाडाने. ही कल्पनाच मला इतकी भावली की सुमतीच्या रसायनांच्या बाटल्यांची पेटी उचलायला हमाल म्हणून मी आपण होऊन तयार झाले.

मेडशीच्या वाटेवर

अकोल्याहून एसटीने निघालो. पातूर मागे पडले आणि रस्ता टेकड्यांत शिरला. सागाची पाने वाळून करपलेल्या पापडासारखी झाली होती आणि उतारांवर तुरीची शेते शेंगांनी लवली होती. कापसाची बोंडे फुटलेली शेते लांबून अशी दिसत की जणू पांढऱ्या पाखरांचा थवा उडता उडता थबकला आहे. मी खिडकीला डोके टेकून हे सारे पीत होते, तोच बसमध्ये कोणी जोराने शिंकले. मग दुसरे. मग माझ्या डोळ्यांना पाण्याच्या धारा लागल्या.

पेटीतल्या अमोनियाच्या बाटलीचे बूच सैल झाले होते.

"कोन्या बाईची पेटी हाय हे?" कंडक्टर नाकाला टोपी लावून ओरडले. "काय भरलं काय याच्यात?"

"औषध आहे," सुमती म्हणाली.

"मान्साचं का ढोराचं?"

"मातीचं."

यावर सारी बस हसत सुटली. मागच्या बाकावरची एक म्हातारी तेवढी प्रसन्न होती. तिने पदर दूर करून दोनदा खोल श्वास घेतला आणि जाहीर केले, "माही सर्दी गेली वं बाप्पा! आठ दिसाची बसेल होती." मेडशीला बस थांबल्याबरोबर सगळे खाली उतरून चहा प्यायले आणि आम्ही दोघी रस्त्याकडेला पेटी उघडून बसलो. बाटलीत जेमतेम दोन बोटे अमोनिया उरला होता.

"तांबं असलं तर अमोनियानं पाणी निळं होतं. दोन परीक्षा होतील," सुमतीने अंदाज केला. "तिसरी नाही."

शिरपूर

शिरपूरला जैनांचे पुरातन देऊळ आहे. तिथली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा असल्याने यात्रेकरू लांबून येतात. आम्हीही दर्शन घेतले. भूमीचा स्पर्श नसलेल्या देवाच्या गावी आम्ही भूमीचीच विचारपूस करायला आलो होतो, याची मला मौज वाटली.

शेवंताबाईंचे घर गावाच्या पूर्वेला, छप्पन साली बौद्ध झालेल्या कुटुंबांच्या आळीत. शेणाने सारवलेली ओसरी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात वेचलेल्या कापसाचा ढीग. शेवंताबाई पंचेचाळिशीच्या, उंच, काळ्यासावळ्या. बोलताना हात असे फिरवतात की जणू सूपच पाखडत आहेत. "आल्या का ताई? आन ह्या?" सुमतीने मला वहिनी म्हटले, ते ऐकताच मी त्यांची, आणि घटकाभरात साऱ्या आळीची, 'वैनी' झाले.

तिकडच्या बोलीने मला पहिल्या तासातच जिंकले. बायका तिथे 'मी जातो', 'मी करतो' असे म्हणतात. आमच्याकडे व्याकरण जिला 'जाते'मध्ये जपून ठेवते, ती तिकडे सरळ 'जातो' म्हणत वावराची वाट धरते. आणि 'ळ'चा पुष्कळदा होतो 'य'. डोळा म्हणजे डोया, निळे म्हणजे निये, आणि मळा म्हणजे मया. "माहा मया," शेवंताबाई म्हणाल्या तेव्हा, त्या शेताविषयी बोलत आहेत की ममतेविषयी, हे मला वाक्य संपेपर्यंत कळले नाही. संपल्यावरही खात्री नव्हती.

जेवायला तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी होती, तिकडे त्यांना सोले म्हणतात. वाटलेल्या हिरव्या मिरचीचा झणका, तेलाचा लालसर तवंग, आणि चुलीवरून थेट ताटात आलेली ज्वारीची भाकरी, जिच्या पापुद्र्यातून वाफ निघताना भाजलेल्या कणसाचा वास यावा. आमच्या पुणेरी जिभेला दुसऱ्या घासाला घाम फुटला. शेवंताबाईंनी न बोलता गुळाचा खडा पुढे सरकवला.

त्यांचे यजमान नामदेवराव रेल्वेत गँगमन आहेत; रजेवर आले होते. मितभाषी गृहस्थ. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि एकदम मुद्द्यालाच हात घातला.

"ताई, तुमी शिकेल मान्सं. पन दोन वर्सं झाले, त्या वावरात जवारी गुडघ्याच्या वर गेली नाही. गाव हासते. ऐतवारी भट्टीवाले गुलाबराव येऊन राह्यले. वरची माती ते खनून नेतीन, इटा करतीन. पीक नाही तं नाही, इटा तं होतीन!"

"आन खाली राहीन ते खड्डं," शेवंताबाई चुलीपासून म्हणाल्या. "खड्ड्यात काय पेरू मी? बेडकं?"

"मंग काय करतं? तिकडं आबाजी सांगत फिरते, मयाले बाट लागला म्हून."

शेवंताबाईंनी मला समजावले. पानमळ्याचे सोवळे कडक असते. वहाणा घालून आत जायचे नाही, विटाळशीने जायचे नाही, आणि शेवंताबाईंच्या आईबापांच्या सावलीला तर मळ्याच्या कुडाजवळही थारा नव्हता. दुष्काळानंतर मळ्याचे मालक आबाजी बारी यांनी ती जमीन विकली आणि नामदेवरावांनी घेतली. या घराण्याच्या नावावर झालेली ही पहिली जमीन. तिच्यात काही उगवेना, तेव्हा गावाने कारण शोधले ते यांच्या पावलांत.

"म्हून मले खड्डं नाही पायजे," शेवंताबाई म्हणाल्या. "खड्डं झालं का तेच खरं होईन, का यायच्या पायानं वावर गेलं."

रविवारला तीन दिवस होते.

वावरात

दुसऱ्या दिवशी सकाळी दहिवर अजून वाळले नव्हते तेव्हा आम्ही शेताला निघालो. वाटेत हरभऱ्याच्या पानांवरची आंब ओठांना लागली, कारण शेवंताबाईंनी उपटून दिलेले डहाळे आम्ही शेरडांसारख्या खात चाललो होतो. सुमतीचे पाऊल उतावीळ पडत होते. तिच्या सांगण्यावरून दिवाळीत पेरलेली मोहरी एव्हाना फुलोऱ्यावर असणार. एक पिवळेधमक शेत आपली वाट पाहत आहे असे वर्णन तिने मला गाडीत इतक्या वेळा ऐकवले होते की मी मनात त्याला उपमाही योजून ठेवल्या होत्या.

बांधावर चढलो. समोर काळेभोर, नुकतेच नांगरलेले, मोकळे शेत.

"मोहरी कुठे आहे?" सुमतीने विचारले.

"मोडली ना!" शेवंताबाईंचा चेहरा अभिमानाने फुलला. "तुमची चिठ्ठी आलती तसंच केलं. फुलावर आली, आन मोडली. बैल मांगून आनले, उभ्या मव्हरीवर नांगर घातला. एक काडी वर दिसू देली नाही."

सुमती बांधावरच बसली. तिने पत्रात लिहिले होते: 'फुलोऱ्यावर येताच मोहरी मोडून टाकावी.' आमच्या घरी मेथीची जुडी मोडतात, कोथिंबिरीची काडी मोडतात. मोडणे म्हणजे हाताने तोडणे. आणि शेतकऱ्याच्या भाषेत पीक मोडणे म्हणजे नांगर फिरवून मातीत गाडणे. हिरवे गाडले की जमीन सुधारते, हे त्यांना कोणी शिकवायला नको. मी आयुष्यभर शब्दांच्या छटा शिकवत आले. एका क्रियापदाच्या दोन छटांमध्ये एक अख्खे पीक पुरले गेलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"शेवंताबाई," सुमती हळूच म्हणाली, "चूक माझी आहे. ती उपटून बाहेर न्यायची होती. त्या पानांनी जे तांबं वर ओढलं होतं, ते आपण परत खाली पुरलं."

शेवंताबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "म्हंजे मी हंडा भरला, डोक्शावर घेतला, आन पुन्ना हिरीतच रिचवला?"

"तसंच झालं."

"बाप्पा!" आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की विहिरीतली पाखरे उडाली. आम्हांलाही हसू आवरेना. नंतर अर्धा तास आम्ही तिघी ढेकळांमधून कुजलेली मोहरी वेचत होतो. हातात आला तो फक्त चिखल आणि एक बेडूक. बेडूक पाहताच शेवंताबाई म्हणाल्या, "हे पाहा, माहं पुढचं पीक!"

पण हसू ओसरल्यावर त्यांनी मुकाट्याने ढेकूळ फोडले आणि मळलेला हात लुगड्याला पुसला. रविवारी दाखवायला त्यांच्याजवळ काही उरले नव्हते.

तेव्हा मला ते पिवळे दिसले. विहिरीच्या मोटेचे पाणी पडते त्या थारोळ्यामागे, जिथे बैल वळवायला जागा नव्हती आणि नांगराला जाता आले नव्हते, तिथे हातभर रुंदीचा एक पट्टा उभा होता. मोहरी खुजी होती, पाने फिकट, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. पण शेंड्यावर फुले होती, हळदीच्या बोटासारखी. शेजारच्या दगडांवर निळसर हिरवे डाग पडले होते.

"आबाजी येथीच मोरचूद कालवे," शेवंताबाई म्हणाल्या. "रांजन होता येथी."

सुमती गुडघ्यांवर आली. "उपटा. मुळांसकट. आणि हे कोणी खायचं नाही हं. गुरांनीही."

"म्हशीनं बी नाही?"

"म्हशीनंही नाही."

"म्हंजे पेरा, पानी द्या, राखन करा, आन कोनंच खाऊ नये." शेवंताबाईंनी मोहरीचा पहिला झुबका उपटला. "लय मोठ्या लोकायची शेती हाय वं हे!"

आबाजींच्या परसात

तुलनेसाठी दुसरीकडची, स्वच्छ मातीतली मोहरी हवी होती. गावात ती एकाच परसात होती, आणि ते परस आबाजी बाऱ्यांचे निघाले. शनिवारी आम्ही तिघी तिकडे गेलो.

आबाजी सत्तरीचे, सडसडीत, पांढऱ्याशुभ्र धोतरातले. मळा जाऊन इतकी वर्षे झाली तरी त्या शेतावरून जाताना ते आजही वहाणा हातात घेतात, असे शेवंताबाईंनी वाटेत सांगितले होते. त्यांनी आम्हांला पाहून सुपारी कातरणे थांबवले नाही.

"आता मव्हरीनं वावर धुतेत म्हने," ते म्हणाले. "मंग आमची बुडी धोतर कायले धुते नदीवर? मव्हरीच चोळू दे तिले."

आतून त्यांच्या म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "चोळतो ना! धोतर घालेल असतानीच चोळतो!"

मी हसले, आबाजीही हसले, आणि वातावरण सैल झाल्यासारखे वाटले. सुमतीने चार रोपे मागितली. ती त्यांनी खुशाल उपटून दिली. पण मग म्हणाले, "पन बाई, तुमी कितीक करा. वेल लय सोवळ्याची राहते. पाय लागले, मया गेला."

"मळा वाळला तेव्हा जमीन ह्यांनी घेतली होती का?" सुमतीने विचारले.

"तवा नाही. तवा हीर आटली."

"मग?"

आबाजींनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. "मंग हीर काहून आटली?" असे म्हणून त्यांनी वाद जिंकल्यासारखी मान हलवली.

आम्हांला निघताना त्यांनी विडे दिले. माझ्या आणि सुमतीच्या हातात दिले. शेवंताबाईंचा विडा पायरीच्या दगडावर ठेवला. हिरवे, तकतकीत पान, त्यावर लवंग. शेवंताबाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि उचलले नाही.

"ठेवेल पान मी उचलत नाही, आबाजी," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "उद्या आमच्या घरी येजा. ह्या ताई मव्हरीतून मोरचूद काढून दाखोतीन म्हनते. तुमच्याइतकं मोरचूद कोनाले समजते?"

आबाजी पुन्हा सुपारी कातरू लागले. माझ्या तोंडातला विडा मात्र एकाएकी तुरट झाला.

त्या दुपारी दोन्ही ठिकाणची मोहरी वेगवेगळ्या घमेल्यांत जाळून राख केली. हिरव्या पानांचा धूर ओसरीभर कडवट पसरला आणि शेजारणी येऊन विचारू लागल्या, कोणाची दृष्ट काढता? शेवंताबाई म्हणत, "वावराची."

रविवार

सकाळी गुलाबराव आले. गोल चेहऱ्याचे, मोठ्या आवाजाचे, गळ्यात मफलर. माती आज पाहून उद्या गाड्या आणायचा त्यांचा बेत होता. नामदेवरावांनी त्यांना चहापुरते बसवले. शेजारीपाजारी जमले. थोड्या वेळाने काठी टेकत आबाजी आले आणि ओसरीच्या खालीच उभे राहिले.

सुमतीने दोन्ही राखा दोन पेल्यांत घेऊन त्यांत जपून आम्ल ओतले. राख फसफसली. लहान मुले मागे सरली. आता गाळायला काय? गाळण कागद बसमध्ये अमोनियाने भिजून गेले होते. शेवंताबाई उठल्या आणि कोपऱ्यातल्या ढिगातला मूठभर कापूस घेऊन आल्या. सरकी काढून तो उकळत्या पाण्यात धुतला, पिळला आणि दोन नरसाळ्यांत बसवला. वऱ्हाडात असताना गाळणीची चिंता करावी, याचे आम्हांलाच हसू आले.

"आधी आबाजींच्या परसातली," सुमती म्हणाली. तिने उरलेल्या अमोनियातला निम्मा त्यात घातला. सगळ्यांनी नाके धरली. पेल्यात गंजासारखा तांबूस गाळ फुटला, लोखंडाचा; तो कापसावर राहिला आणि खालच्या बाटलीत थेंब पडू लागले. पाण्यासारखे. नितळ, रंगहीन.

"झालं?" गुलाबराव म्हणाले. "हे तं पानी हाय."

"आता शेतातली."

सुमतीने बाटली उलटी धरून शेवटचा अमोनिया ओतला. तिने मला नंतर सांगितले की मोहरी तांबे ओढते हा तिचा केवळ कयास होता, आणि आधीच्या रात्री तिला झोप लागली नव्हती. पुन्हा तोच गंजका गाळ, तोच कापूस. शेवंताबाई बाटलीकडे पाहत नव्हत्या. त्या नामदेवरावांकडे पाहत होत्या. पहिला थेंब पडला. दुसरा. थेंबांना रंग आहे की नाही, ते कळेना. मग बाटलीचा तळ भरला आणि सुमतीने ती उन्हात धरली.

निळी. फिकट, पण निःसंशय निळी. आकाशाचा निळा रंग लांब असतो. हा जवळचा होता. मोराच्या मानेवरचा एक थेंब कोणी पाण्यात धुऊन घ्यावा तसा. मोरचूद या शब्दात मोर का आहे, हे मला त्या ओसरीवर उमगले.

आबाजी पायऱ्या चढून वर आले. त्यांनी सुमतीच्या हातातून बाटली घेतली, डोळ्यांजवळ नेली.

"हे कोनं टाकलं याच्यात?"

"कोणीच नाही, आबाजी. मोहरीच्या पानांतून आलं. तिनं मातीतून ओढलं."

आबाजींनी बाटली हलवली. निळे पाणी काचेवर चढले आणि उतरले.

"हे तं माहं हाय," ते म्हणाले. आवाज स्वतःशी बोलल्यासारखा होता. "चाळीस वर्सं हेच पाजलं म्या वेलीले. दर साली. नखं निये राहेत माहे. लग्नात पावन्या हासेत, नवरदेवानं बोटाले नीळ काहून लावली म्हनत." मग त्यांनी मान वर केली आणि ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "हे यायच्या पायाचं नाही, नामदेवराव. हे माह्या हाताचं हाय."

नामदेवरावांनी एकदा तोंड पुसले. मग सुमतीला विचारले, "ताई, हे सारं निंघाले किती वर्सं लागतीन?"

"मला माहीत नाही," सुमती म्हणाली. "खोटं सांगणार नाही. एका पिकात चिमूटभर निघतं. फार वर्षं लागतील. कदाचित मोहरीपेक्षा दुसरंच झाड शोधावं लागेल, आणि ते मी शोधीन. पण ही माती खणून नेली तर तांबंही तिच्याबरोबर गावभर फिरेल, आणि तुमच्याकडे खड्डा उरेल."

"चाळीस वर्सं पाजेल हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "दोन वर्सात कसं निंघीन? म्हातारा मानूस बी दुखनं काढाले येळ घेते."

नामदेवराव गुलाबरावांकडे वळले. "गुलाबराव, चहा घ्या. माती राहू द्या."

"राहू द्या तं राहू द्या," गुलाबरावांनी बशीत चहा ओतला. "माह्या इटा निया निंगल्या असत्या तं लोकायनं देऊळ समजून हात जोडले असते!"

पेरणी

आमची बस दुपारची होती. सुमतीने राख डब्यांत बंद करून पेटीत घेतली. ती आता पुण्यात आमच्या माळ्यावर आहे आणि तिला कोणी हात लावू नये अशी ताकीद आहे. मोहरी पुन्हा पेरायचे ठरले. "उशीर झालाय, पण दाणा कुठे हवाय?" सुमती म्हणाली. "पाला आला की पुरे." शेवंताबाईंनी बी ओटीत घेतले आणि आम्ही सगळे शेतावर गेलो.

आबाजी पुढे. काठीने ते जमीन टोचत चालले होते आणि त्यांची स्मरणशक्ती पाहून मी थक्क झाले. "येथी रांजन. येथी मातीचं कुंडं, फुटेल होतं, लय पाझरे. येथी वेल मरतच राहे, म्हून येथी दुप्पट ओतो मी." जिथे काठी टेके तिथे शेवंताबाई मूठ उघडत, काळ्या मातीवर काळे दाणे पडताच दिसेनासे होत. उन्हे पाठीवर उबदार होती. कुठेतरी तूर झोडपण्याचा आवाज येत होता. नामदेवराव मोट सोडायला विहिरीकडे गेले होते. आजोबांचे बोट जसे धुळाक्षरे गिरवून घेते, तशी ती काठी सारे शेत गिरवून घेत होती.

ईशान्येच्या कोपऱ्याला येऊन आबाजी थांबले. तिथे उंबराचे एक झाड आहे.

"येथी काही टाकलं नाही म्या," ते म्हणाले. "येथी सावली होती, वेल नोती लावेल. हे चांगली जागा हाय. येथी मेथी पेर, शेवंता. पोटभर खा."

शेवंताबाई थबकल्या. त्यांनी त्या कोपऱ्याकडे पाहिले, मग म्हाताऱ्याकडे. मूठ तशीच मिटलेली होती. मग त्यांनी ती उघडली आणि त्या चांगल्या जागेवरही मोहरीच फेकली.

"तुमचा काय भरोसा, आबाजी?" त्या म्हणाल्या. "तुमाले तं तवा बी वाटे का तुमी औषिदच टाकून राह्यले."

आबाजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते.

"पेर मंग," ते म्हणाले. "दाट पेर."